चुका की चुक्याचा परदेशी भाऊ?

लेक न्यूझीलंडला असते. घरामागच्या गवतात उगवलेल्या आंबट पानाचा फोटो पाठवून विचारते, ‘आई, हा आपला चुकाच ना?’ (लोकमान्यनगर, इंदूर)

फोटोवरून चुक्याचा भाऊ वाटतो : कॉमन सॉरेल, रूमेक्स ॲसिटोसा. मूळचा युरोप-आशियातला, तिकडे बाहेरून येऊन रुजलेला. आपला चुका एका हंगामात आटोपतो. हा बहुवर्षायू, बुडख्यातून पुन्हा फुटतो.

पण फोटोवर विसंबू नका. लेकीला म्हणावं, बुडातलं एक पान खुडून देठाचा जोड बघ. पान बाणासारखं हवं आणि बाणाचे दोन्ही टोकदार कान मागे, देठाच्या दिशेने वळलेले. कान दोन बाजूंना पसरले असतील तर तो शीप्स सॉरेल, अंगाने बारीक आणि मुळांवाटे पसरणारा. मग खोडावर नजर फिरव. वरच्या पानांना देठच नसतो, पान थेट खोडाला मिठी मारतं. पेरावर लसणाच्या सालीसारखा पापुद्रा असतो, काठाला झालरीगत फाटलेला. लालसर तुऱ्यांची नर आणि मादी झाडं वेगळी, त्यामुळे एकाला बी नि शेजारच्याला काहीच नाही, असं दिसेल.

चव मात्र सगळ्यात शेवटी. तिकडे इटालियन ॲरम नावाचं विषारी तणही माजतं, पान तसंच बाणासारखं. ते अळूच्या कुळातलं. घशाचं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. त्याच्या पानावर शिरांची जाळी दिसते आणि पेरावरचा तो पापुद्रा नसतो.

आमच्या रिकाम्या प्लॉटवर बाणासारख्या पानांचा वेल आहे. तोच का हा? (सुदामानगर, इंदूर)

वेल म्हणालात, तिथेच उत्तर आलं. सॉरेल कशाला वेढे घालत नाही. पांढरी-गुलाबी, फनेलसारखी फुलं असतील तर ती चांदवेल, आपल्याकडची हिरनखुरी. भाजीत नको.

सॉरेलचं बी मागवलं, गच्चीवर लाल बोंडं आली. फसवलं का? (स्नेहलतागंज, इंदूर)

नाही हो, ही अंबाडी! वेस्ट इंडीजमध्ये तिच्या बोंडांनाच सॉरेल म्हणतात. चटणी करा.

सॉरेलची भाजी चुक्यासारखी होते का? मला मुतखडा होऊन गेलाय. (जुनी इंदूर)

होते, पण तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. हा आंबटपणा बराचसा ऑक्झॅलिक आम्लाचा आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच. घरच्या बाकीच्यांसाठी करणार असाल तर चुक्याचाच नियम : हरभऱ्याची डाळ आधी मऊ शिजवून घ्या. आंबट पान आधी पडलं की डाळ शिजता शिजत नाही.