माणसाला अंतराळात पाठवण्यावर सरकारने पैसा खर्च करावा का? गगनयान खरंच गरजेचं आहे का?

तुम्ही विचारलंय की देशात शाळा गळतायत, सरकारी दवाखान्यात औषधं मिळत नाहीत, अशा वेळी माणसाला अंतराळात नेण्याच्या इस्रोच्या गगनयान कार्यक्रमावर वीस हजार कोटी कशाला, आणि अंतराळात काही पाठवायचंच असेल तर यंत्र पाठवा, माणूस कशाला. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की चर्चा लगेच देशभक्त विरुद्ध देशद्रोही अशी होऊन बसते, म्हणून मी ते सुटे करून उत्तर देतो. माझं मत आधीच सांगतो. गगनयान करावं. पण टीव्हीवर जी कारणं ऐकवतात त्यांच्यासाठी नाही, आणि त्याच्या पुढचं सगळं डोळे झाकून करावं असंही नाही.

मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघतो. आमच्याकडे मुख्य काम गाड्यांच्या पार्ट्सचं, पण थोडं एरोस्पेसचंही येतं, त्यामुळे या विषयाकडे मी जरा त्या बाजूनेच बघतो.

आधी पैशाचं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयानचा खर्च वाढवून २०,१९३ कोटी केला, आणि त्यात भारताच्या स्वतःच्या अंतराळ स्थानकाचा पहिला मॉड्यूल, म्हणजे पहिला भागही धरलाय, एकूण आठ मोहिमा, डिसेंबर २०२८ पर्यंत. घोषणा झाली २०१८ मध्ये, म्हणजे साधारण दहा वर्षांत वीस हजार कोटी, वर्षाला दोन हजार. २०२५-२६ चं केंद्राचं बजेट ५०.६५ लाख कोटींचं आहे, म्हणजे सरकार शंभर रुपये खर्च करतं त्यातले चार पैसे गगनयानला जातात. सगळ्या अंतराळ खात्याला १३,४१६ कोटी, म्हणजे शंभरातले सव्वीस पैसे. एकट्या महाराष्ट्र सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी त्याच वर्षी ३६ हजार कोटी ठेवलेत, मी त्या योजनेच्या विरोधात बोलत नाहीये, फक्त आकडा किती मोठा किती छोटा याचा अंदाज यावा म्हणून सांगतोय. शाळा गळतेय ती गगनयानमुळे नाही. ते चार पैसे उद्या वाचवले तरी ते तुमच्या गावच्या शाळेच्या छपरावर जातील असं कुठल्याही बजेटमध्ये होत नसतं.

पण इथेच थांबून "बघा किती स्वस्त आहे" म्हणणं मला पटत नाही, कारण गगनयानची खरी स्पर्धा शाळेशी नाहीच, ती दुसऱ्या विज्ञानाशी आहे. चांद्रयान-३ झालं ६१५ कोटींत, मंगळयान ४५० कोटींत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, जगभरातले खगोलशास्त्रज्ञ तिथे निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून अर्ज करतात. वीस हजार कोटींत अशा किती गोष्टी झाल्या असत्या हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नाही, तोच सगळ्यात योग्य प्रश्न विचारतोय, आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे.

विक्रम साराभाईंचं एक म्हणणं सगळीकडे फिरत असतं, की समाजाचे खरे प्रश्न सोडवायला प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कुणाच्याही मागे राहता कामा नये. त्याच्या आधीचा भाग मात्र बहुतेक जण गाळतात, त्यात ते स्पष्ट म्हणतात की चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाण यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आपण बघत नाही. म्हणजे ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांनीच माणूस पाठवणं बाजूला ठेवलं होतं, आणि त्या काळात ते अगदी बरोबर होतं. १९६३ मध्ये थुंबाला पहिलं रॉकेट उडालं तेव्हा आपल्याकडे स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. आधी हवामान, टीव्ही, नकाशे, मच्छीमारांना इशारे हे व्हायला हवं होतं आणि ते झालंही, १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नाशीच्या आत, कारण वादळ कुठे धडकणार हे आधी कळलं आणि लाखो लोकांना वेळेत हलवलं. यात उपग्रहांचा मोठा वाटा आहे, पण माणूस पाठवण्याचा वाटा शून्य आहे, हेही तितकंच खरं. त्यामुळे गगनयानच्या बाजूने बोलताना कुणी चक्रीवादळाचं उदाहरण देत असेल तर ते चुकीच्या खात्यावर जमा करतायत.

अंतराळ मोहिमांतून रोजच्या वापराच्या वस्तू मिळतात हा मुद्दा तर मी लगेच सोडतो. टेफ्लॉन नासाने शोधलं, वेल्क्रो नासाने शोधलं असे फॉरवर्ड येतात, दोन्ही खोटं आहे, दोन्ही नासाच्या जन्माआधीचं आहे. अपोलोच्या कंप्युटरमुळे चिप उद्योगाला सुरुवातीला मोठा ग्राहक मिळाला हे खरं, पण चांगली वस्तू हवी असेल तर थेट त्या वस्तूवरच संशोधन करणं केव्हाही स्वस्त पडतं.

विज्ञानासाठी माणूस हवा का? इथे मात्र थोडं थांबून बघायला पाहिजे. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली आणि चित्रं धूसर यायला लागली. आरशाची कड हवी त्यापेक्षा साधारण २.२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चपटी घासली गेली होती, आणि कारण काय तर आरसा मोजायच्या उपकरणातलीच एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसली होती. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येतो. आरसा घासणाऱ्यांनी काम इतकं अचूक केलं की चूकही अचूक उतरली, गेजच चुकलेला होता. मग डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून माणसं गेली, पाच स्पेसवॉक केले, दुरुस्तीची उपकरणं बसवली, आणि आज आपल्याला हबलची म्हणून जी चित्रं माहिती आहेत त्यातली बहुतेक त्यानंतरची आहेत. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली, त्याच काळात रशियाच्या यंत्रांनी तीन मोहिमा मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम. हे माणसाच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण.

पण ते जुनं आहे. चीनच्या छांग'अ-५ ने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणले आणि छांग'अ-६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून १,९३५ ग्रॅम, माणूस न पाठवता. जेम्स वेब दुर्बीण पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तिथे दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही, तरी ती उत्तम चाललीय. यंत्रं दर दशकाला हुशार होतायत आणि माणसाला मात्र तेवढाच ऑक्सिजन, तेवढंच पाणी लागतंय. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्लांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूग आणि मेथी उगवून बघितली, स्नायूंवरचे प्रयोग केले, ते उपयोगाचं आहे, पण तेवढ्यासाठी वीस हजार कोटींचा कार्यक्रम हवा असं मी म्हणणार नाही.

मग राहिलं काय? माझ्या मते जी गोष्ट राहते ती सगळ्यात मोठी आहे. माणसाला चारशे किलोमीटर वर नेऊन जिवंत परत आणता येणं ही एक वेगळी क्षमता आहे, ती कुणी विकत देत नाही, आणि ती शिकताना सगळ्या कामाचा दर्जा वर जातो.

विकत देत नाही हे अगदी शब्दशः. यानाच्या आतली हवा, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड काढणं, दमटपणा, तापमान हे सांभाळणारी यंत्रणा आपण बाहेरून घ्यायचा प्रयत्न केला होता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ यांनी सांगितलं की कुणीच द्यायला तयार नाही, म्हणून ती आता इथेच बनवायची. अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचं असंच झालं होतं, नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने तंत्रज्ञान दिलं नाही, फक्त तयार इंजिनं दिली, आणि आपल्या स्वतःच्या इंजिनाने जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी उडायला जानेवारी २०१४ उजाडलं. वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांचा खर्च तेव्हा कुणी फायद्यात दाखवू शकलं नसतं, पण त्यात जे शिकलो त्याच्याशिवाय आज चांद्रयान-३ उचलणारं एलव्हीएम-३ रॉकेट नसतं आणि गगनयानचा विषयही निघाला नसता.

दर्जाचं सांगतो. गाडीच्या पार्टमध्ये एखादं होल ड्रॉइंगपेक्षा वीस मायक्रॉन मोठं झालं तर बऱ्याचदा कस्टमरला फोन जातो, तो डेव्हिएशन, म्हणजे एवढा फरक चालेल अशी परवानगी देतो, माल जातो. एरोस्पेसच्या जॉबमध्ये तसं होत नाही. तो पीस लाल पेटीत कुलपात जातो, कागद वर जातो, आणि तिकडून लेखी निर्णय येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मटेरियलवर हीट नंबरचा, म्हणजे धातू कुठल्या ओतणीतला आहे त्या नंबरचा शिक्का असतो, पीस कापायच्या आधी तो शिक्का दोन्ही तुकड्यांवर उठवावा लागतो, साक्षीला इन्स्पेक्टर उभा, आणि एखाद्या तुकड्याचा नंबर गेला की धातू कितीही चांगला असो, तो भंगार. नवीन पोरांना सुरुवातीला हा छळ वाटतो. सहा-आठ महिन्यांनी तीच पोरं गाड्यांच्या लाइनवर गेली की तिथेही मोजल्याशिवाय सही करत नाहीत. आमच्याकडचं हे काम गगनयानचं नाही, पण माणूस बसणार म्हटल्यावर ही शिस्त आणखी कितीतरी कडक होते, प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला पर्यायी व्यवस्था, बिघाड आधी ओळखणारे सेन्सर, इंजिनाच्या जास्तीच्या चाचण्या. आणि हे फक्त इस्रोच्या आवारात होत नाही. गगनयानचं रॉकेट सुरुवातीला ढकलणाऱ्या एस-२०० बूस्टरचा पहिला भाग पवईला एल अँड टीने बनवून दिला, विक्रोळीत गोदरेज इंजिनं बनवतं, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर कित्येक वर्षं रॉकेटचे मोटर केसिंग, म्हणजे इंधन भरायची बाहेरची कवचं देतंय. पैसा देशातच फिरतो हे कारण मी देत नाही, ते धरण बांधलं तरी फिरतो, मी म्हणतोय ती हातात आणि डोक्यात बसलेली सवय, ती पैसे देऊन आणता येत नाही.

२१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला क्रू एस्केपची पहिली उड्डाण चाचणी होती, रॉकेट बिघडलं तर माणसांची कुपी ओढून लांब नेणारी यंत्रणा. आम्ही शॉपमध्ये मोबाइलवर बघत होतो. आधी हवामानामुळे उशीर, मग उड्डाणाला पाच सेकंद असताना कंप्युटरने स्वतःच थांबवलं. आमच्यातला एक जण म्हणाला, गेलं, फेल. मला उलट तो क्षण सगळ्यात आवडला, कारण काहीतरी जुळत नाहीये हे यंत्रणेला कळलं आणि ती थांबली, लाखो लोक लाइव्ह बघतायत म्हणून पुढे गेली नाही. दहा वाजता उडालं, साधारण बारा किलोमीटरवर कुपी सुटली, पॅराशूट उघडले, समुद्रात पडली, नौदलाने काढून आणली. ही यंत्रणा शोभेची नाही, ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाच्या सोयूझ यानाचं रॉकेट वाटेत बिघडलं तेव्हा आतले दोघं अशाच व्यवस्थेमुळे जिवंत खाली आले.

कुणी म्हणेल, मग सीट विकत घ्या ना. घेतली की, शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये ॲक्सिअम-४ या अमेरिकी खाजगी कंपनीच्या मोहिमेतून जाऊन आले, बातम्यांमध्ये खर्च सुमारे ५५० कोटी आला होता. अनुभव म्हणून ठीक, एकदा. पण तिकीट काढून प्रवास केला म्हणून गाडी बनवता येत नाही. आणि खाजगी कंपन्यांवर सोडा म्हणणाऱ्यांनी हे बघावं की स्पेसएक्सच्या माणसं नेणाऱ्या यानासाठी नासाने २०१४ मध्ये २६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं होतं, बोइंगला तर ४२० कोटी, आणि बोइंगच्या यानातून गेलेल्या सुनीता विल्यम्सना आठ दिवसांऐवजी नऊ महिन्यांनी दुसऱ्याच यानातून परत यावं लागलं. सुरुवातीचा पैसा सरकारचाच असतो, आणि पैसा असूनही काम जमेलच असं नाही.

आता माझ्या अटी. पहिली, घाई नको. लाल किल्ल्यावरून २०२२ सांगितलं होतं, आता २०२७ सांगतायत, लोक त्यावर टोमणे मारतात, मला तो उशीर चांगला वाटतो. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही तिसऱ्या टप्प्यात फसलं, आपलं सगळ्यात भरवशाचं रॉकेट, त्यामुळे माणूस बसवायची तारीख इंजिनिअरनेच ठरवावी, स्वातंत्र्यदिन किंवा निवडणूक बघून नाही. दुसरी, २०३५ पर्यंत स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय अशी लक्ष्यं जाहीर झालीत, त्यांना मी आज हो म्हणू शकत नाही. गगनयानचं उत्तर हो आहे म्हणून चंद्राचंही हो होत नाही, तिथे पूर्ण खर्च संसदेपुढे यावा आणि त्यासाठी चांद्रयानसारख्या मोहिमांचा एक रुपया कापणार नाही हे लेखी यावं.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नासाच्या चॅलेंजर यानाच्या अपघातात १९८६ ला सात माणसं गेली तेव्हा रॉजर्स आयोगाचा अहवाल जाहीर झाला, आदल्या रात्री इंजिनिअर थंडीमुळे उडवू नका म्हणत होते हे जगाला कळलं. कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला गेली, त्याचाही चौकशी अहवाल काही महिन्यांत कुणालाही वाचायला मिळाला, व्यवस्थापनाच्या चुका स्पष्ट लिहिलेल्या. पैसा जनतेचा आणि जीव आपल्या माणसांचा, तर बिघाड झाला की पूर्ण अहवाल लोकांसमोर ठेवायचा हा नियम पहिलं माणसांचं उड्डाण होण्याआधी ठरलेला हवा, नंतर नाही.