जॉर्जियाची एमबीबीएस डिग्री भारतात, जर्मनीत, अमेरिकेत सगळीकडे चालते का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला नीटमध्ये सरकारी सीट मिळेल एवढे मार्क नाहीत, इंदूरच्या प्रायव्हेट कॉलेजची फी झेपणारी नाही, आणि भंवरकुआंचा एक कन्सल्टन्सीवाला म्हणतोय की जॉर्जियाची डिग्री युरोपियन असते, एकदा घेतली की भारत, जर्मनी, अमेरिका, कुठेही प्रॅक्टिस करा. हे खरं का, असा तुमचा प्रश्न आहे.

नाही काका, हे खरं नाही. मी स्वतः जॉर्जियाच्या राजधानीतून, तिबिलिसीहून, शिकून आले, इथली परीक्षा आणि इंटर्नशिप करून आता इंदूरातच नोकरी करतेय, आणि संध्याकाळी एफएमजीईची, म्हणजे परदेशात डॉक्टरी शिकलेल्यांना भारतात द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे ही चूक किती घरांना किती महागात पडते ते रोज बघते. जॉर्जियाला पाठवू नका असं मी म्हणत नाहीये, पण काय विकत घेताय ते आधी नीट समजून घ्या.

डिग्री कॉलेज देतं, लायसन्स मात्र ज्या देशात पेशंट तपासायचे तो देश देतो, आणि बहुतेक देश स्वतःची परीक्षा घेऊनच देतात. आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजची डिग्रीसुद्धा अमेरिकेत किंवा इंग्लंडात तशीच्या तशी चालत नाही, एमजीएमच्या मुलालाही तिथली परीक्षा द्यावीच लागते. आपोआप मान्यता मिळते ती युरोपियन युनियनमध्ये, तिथल्याच देशांच्या डिग्रीला, तिथल्याच नागरिकांना, आणि जॉर्जिया युनियनमध्ये नाहीच, डिसेंबर 2023 मध्ये त्याला फक्त उमेदवार देशाचा दर्जा मिळालाय. 'डब्ल्यूएचओ अप्रूव्हड' असं पण तो कन्सल्टन्सीवाला सांगेल, तेव्हा लक्षात ठेवा की डब्ल्यूएचओ कुठल्याच मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही. आणि आपली एनएमसी, म्हणजे भारतातल्या डॉक्टरी शिक्षणाचे नियम करणारं नॅशनल मेडिकल कमिशन, पण परदेशी कॉलेजांची कुठली मंजूर यादी काढत नाही, त्यामुळे 'एनएमसी अप्रूव्हड' लिहिलेलं ब्रोशर दिसलं की तिथेच सावध व्हा.

आता भारताचं, कारण बहुतेक मुलं शेवटी परतच येतात. आधी तर नीट क्वालिफाय पाहिजेच, परदेशासाठी तो स्कोअर तीन वर्षं चालतो. मग 18 नोव्हेंबर 2021 चे एनएमसीचे नियम आहेत, ते मोबाईलवर उघडून तुम्ही आणि मुलगी दोघांनी बसून वाचा, फार लांब नाहीत. कोर्स किमान 54 महिन्यांचा पाहिजे, वर 12 महिने इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, शिकवणं इंग्रजीत, आणि सगळं एकाच संस्थेतून, म्हणजे दोन वर्षांनी कॉलेज आवडलं नाही म्हणून स्वस्त कॉलेजात बदली केली असं चालत नाही (युक्रेनच्या युद्धामुळे अडकलेल्या मुलांना 2022 मध्ये वेगळी सवलत दिली होती, ती त्यांच्यापुरतीच). दहा वर्षांच्या आत सगळं पूर्ण करायचं. आणि एक अट लोक वाचतच नाहीत, ती अशी की त्या देशात तिथल्या नागरिकाला जसं लायसन्स मिळतं तसं या डिग्रीवर तुमच्या मुलीला पण मिळायला पाहिजे.

ही अट जॉर्जियाच्या बाबतीत फार बारकाईने बघा. तिथे डिप्लोमा हातात आला म्हणजे लगेच स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते असं नाही, तिथल्या मुलांनाही पुढे रेसिडेन्सी (हॉस्पिटलात काम करत घ्यायचं स्पेशालिस्टचं प्रशिक्षण) आणि सरकारी परीक्षा असते. शिवाय सहा वर्षांच्या कोर्सचं शेवटचं वर्ष कॉलेज 'इंटर्नशिप' म्हणून लिहून देणार की नुसतं 'क्लिनिकल रोटेशन' म्हणून, हे अॅडमिशनच्या आधी कॉलेजकडून लेखी मागा. एजंटकडून नाही, कॉलेजच्या ईमेलवरून. परत आल्यावर एका शब्दासाठी मेडिकल कौन्सिलच्या चकरा मारणारी मुलं मी बघितलीयत, अभ्यासात हुशार असलेली.

एवढं सगळं झालं की एफएमजीई. 300 प्रश्न, 150 बरोबर पाहिजेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये. ऐकायला सोपं वाटतं पण बऱ्याच सेशनमध्ये पाचातला एक, फार तर चारातला एक पास होतो. कारण मुलं मठ्ठ असतात असं अजिबात नाही. तिथे शिकताना पेशंट जॉर्जियन बोलतो, त्याची लिपी वेगळी, आणि लेक्चर इंग्रजीत असलं तरी वॉर्डात पेशंटला 'दुखतं कुठे, कधीपासून' विचारता आलं नाही तर वॉर्डात जाऊन शिकलात काय? मी पहिल्या वर्षापासून भाषा धरली म्हणून मला केस घेता आल्या, बाकीचे बरेच जण पाठीमागे उभे राहून बघायचे. दुसरं म्हणजे तिथे आपले आजार दिसतच नाहीत. मलेरिया, डेंग्यू, साप चावलेला पेशंट, सल्फास (धान्यात टाकायची विषारी गोळी) खाल्लेला शेतकरी, हे सगळं मला इंदूरात आल्यावर दिसलं, इंटर्नशिपमध्ये. आणि कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे आपले टीबीचे आणि लसीकरणाचे सरकारी कार्यक्रम, त्यावर 300 पैकी 30 प्रश्न असतात आणि तिथलं कॉलेज ते शिकवणार नाही, ते तुम्हालाच इथली पुस्तकं नेऊन पहिल्यापासून करावं लागतं. पास झालात की परत इथे 12 महिने इंटर्नशिप, मग कायमचं रजिस्ट्रेशन. म्हणजे सहा वर्षं नाही, सगळं पहिल्या फटक्यात झालं तरी साडेसात-आठ धरून चाला आणि पैशाचा हिशोब पण तेवढ्याचा करा. फी कॉलेजप्रमाणे वर्षाला साधारण 4 ते 8 हजार डॉलर, राहणं-खाणं आणि तिकिटं वेगळी, आणि डॉलर जवळजवळ दरवर्षी महाग होतो हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

जर्मनीचं म्हणाल तर माझ्या बॅचची एक मैत्रीण तिथे आहे, छान चाललंय तिचं, पण ती जॉर्जियाच्या डिग्रीमुळे नाही, जर्मनमुळे. आधी जर्मन भाषेची बी2 पातळी, मग डॉक्टरी भाषेची सी1 पातळीची परीक्षा, मग तुमचा कोर्स त्यांच्या कोर्सच्या बरोबरीचा आहे का याची तपासणी, आणि नसेल तर ज्ञानाची तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा, तेव्हा कुठे पूर्ण लायसन्स. इंदूरच्या एमबीबीएसवाल्यालाही हाच रस्ता आहे. अमेरिकेसाठी यूएसएमएलईच्या (तिथल्या लायसन्स परीक्षेच्या) स्टेप 1 आणि स्टेप 2 सीके, मग ईसीएफएमजीचं (परदेशी डॉक्टरांची कागदपत्रं तपासणारी तिथली संस्था) सर्टिफिकेट, मग मार्चमधल्या मॅचमध्ये, म्हणजे तिथल्या सीटवाटपात, रेसिडेन्सीची सीट मिळाली तर मिळाली. 2024 पासून ईसीएफएमजी कॉलेजचं अॅक्रिडिटेशन डब्ल्यूएफएमईसारख्या (मेडिकल शिक्षणाची जागतिक संघटना) संस्थेने मान्य केलेल्या संस्थेकडून आहे का ते पण रिपोर्टमध्ये नोंदवते, म्हणून हेही कॉलेजला आत्ताच विचारून घ्या. इंग्लंडला प्लॅब या तिथल्या परीक्षेचे दोन भाग, दुसरा मँचेस्टरला, आणि हल्ली प्लॅब पास होऊनही नोकरीसाठी खूप थांबावं लागतंय, हे तिथे असलेलेच सांगतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कॉलेज शोधायच्या आधी मुलीला शेवटी कुठे डॉक्टरी करायचीय ते ठरवा. भारतात असेल तर 2021 चे नियम आणि एफएमजीईची तयारी पहिल्या वर्षापासून, आणि ही परीक्षा घेणारं एनबीई बोर्ड तिचे कॉलेजवार निकाल छापतं ते काढून बघा, ज्या कॉलेजातून शंभरावर मुलं बसून दहा-बारा पास होतात तिथे फक्त हॉस्टेल चांगलं आणि इंडियन मेस आहे म्हणून पैसे भरू नका. जर्मनी असेल तर आजपासून जर्मनचा क्लास, आणि मग तिला हे पण विचारा की त्यापेक्षा एक वर्ष ड्रॉप घेऊन इथेच सीट मिळवायला ती तयार आहे का. मार्क थोडक्यात कमी असतील तर मी स्वतः ड्रॉपच सांगीन, घरी राहून, आईच्या हातचं खाऊन. फार कमी असतील आणि तिला डॉक्टरच व्हायचं असेल तर जावं, मेहनतीने होतं, माझ्याबरोबरचे पुष्कळ झालेत.

टोकन म्हणून जे पैसे तो कन्सल्टन्सीवाला मागतोय ते अजून देऊ नका. कॉलेजचं नाव, ऑफर लेटर आणि कोर्सचं वर्षवार स्ट्रक्चर मागवा आणि इथेच खाली टाका, मुलीचं नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून. मी रविवारी बसून वाचते आणि काय काय लेखी मागायचं ते लिहून देते.