टेनेसी विद्यापीठातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचं एवढं कौतुक का?

तुमची मुलगी अमेरिकेत नॉक्सव्हिलला, म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या गावी, एमएस करायला निघाली आहे आणि तिथल्या फोटोंत आजीबाईंपासून पोरांपर्यंत सगळे मुलींच्या बास्केटबॉल संघाचे नारिंगी टी-शर्ट घालून दिसतात, हे काय प्रकरण आहे, असं तुम्ही विचारलंय. नवऱ्याच्या जवळच्या ओक रिज गावातल्या नोकरीमुळे मी २००६ ते २००९ नॉक्सव्हिलला राहिले. त्याआधी कॉलेजात दोन वर्षं बास्केटबॉल खेळले होते, त्यामुळे हे वेड मलाही लागायला वेळ लागला नाही.

संघ तसा जुना, १९०३ मधला. १९२६ मध्ये तो बंद झाला आणि १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला. पण तिथे कोणालाही विचारा, गोष्ट १९७४ पासूनच सुरू होते. त्या वर्षी पॅट हेड नावाची २२ वर्षांची मुलगी पदव्युत्तर शिक्षण घेता घेता सहायक प्रशिक्षक म्हणून आली. मुख्य प्रशिक्षक पीएचडीसाठी रजेवर गेल्या आणि अख्खा संघ हिच्या गळ्यात पडला. पगार महिना २५० डॉलर. सामन्याला जायची व्हॅन तीच चालवायची, गणवेश तीच धुवायची, आणि ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतले. पहिलाच सामना मर्सर विद्यापीठाशी ८३-८४ असा एका गुणाने गेला. लग्नानंतर ती पॅट समिट झाली. पुढे ३८ हंगाम त्याच खुर्चीवर, १०९८ विजय.

समिटबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. गवताच्या माळ्यावर भावांशी खेळून तयार झालेल्या. गावातल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हलवलं. एका खेळापायी! आपल्याकडे असं ऐकलंय कधी?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. त्या काळी टेनेसीतल्या शाळांमध्ये मुलींचं बास्केटबॉल सहा-सहा जणींचं असे. तीन जणी फक्त बचाव करणार, तीन जणी फक्त बास्केट टाकणार, आणि मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण मैदानभर धावणं झेपत नाही, हा समज. ओक रिजच्या एका शाळकरी मुलीने याविरुद्ध १९७६ मध्ये कोर्टात दाद मागितली. ती बचावातली, म्हणजे बास्केट टाकायची संधीच नाही, मग कॉलेजची शिष्यवृत्ती कोण देणार? समिटबाईंनी तिच्या बाजूने साक्ष दिली. खालच्या कोर्टात मुलगी जिंकली, वरच्या कोर्टात निकाल फिरला. मग बाईंनी जाहीरच केलं की नियम बदलेपर्यंत टेनेसीतल्या शाळांमधून एकही खेळाडू घेणार नाही. स्वतःच्याच राज्याला हा दम! १९७९ मध्ये नियम बदलला.

आमच्या शेजारच्या बाई साठीच्या होत्या. शाळेच्या संघात चार वर्षं खेळल्या, पण सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नाही, कारण त्या बचावातल्या. हे त्यांनी मला कॉफी ओतता ओतता सांगितलं, अगदी सहज, आणि मी अवाक झाले. संघाच्या आठ राष्ट्रीय विजेतेपदांच्या झेंड्यांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

तरी झेंडेही सांगते: १९८७, ८९, ९१, ९६, ९७, ९८, २००७ आणि २००८. त्यात १९९७-९८ चा संघ ३९ सामने खेळला आणि ३९ जिंकला. मी होते तेव्हा कँडेस पार्कर खेळत होती. उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबणारी मुलगी मी तोवर पाहिलीच नव्हती. २००८ ची अंतिम फेरी, स्टॅनफर्डविरुद्ध ६४-४८, आम्ही त्या शेजारीणबाईंकडेच पाहिली. त्यानंतर विजेतेपद काही आलं नाही.

समिटबाईंची शिस्त तुमच्या मुलीच्या कानावर नक्की पडेल. खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, तास बुडवला तर सामना बाकावर बसून पाहायचा. शिक्षण पूर्ण केलेल्या मुलींचा त्यांना कपांपेक्षा जास्त अभिमान होता.

२०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, त्यांना अल्झायमर झाल्याचं निदान झालं. त्यांनी ते लपवलं नाही, आणखी एक हंगाम संघासोबत काढला, मगच २०१२ मध्ये पद सोडलं. २०१६ मध्ये त्या गेल्या. स्टेडियमसमोर त्यांचा पुतळा आहे.

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. मुलीला एक सामना तरी बघायला सांगा, आणि कपड्यांचा रंग जपून निवडायला सांगा. मी पहिल्या सामन्याला हौसेने लाल कुर्ता घालून गेले. समोरचा संघ नेमका जॉर्जियाचा निघाला, आणि त्यांचा रंग लाल. पूर्ण वेळ जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसले होते.