एका गडद पट्टीवर विसंबू नकोस

प्रिय मुली,

तुझा ब्लॉट (प्रथिनांच्या पट्ट्यांचं चित्र) पाहिला. यूएसपी३० हे एन्झाइम अडवल्यावर एलसी३-टू या ऑटोफॅजीच्या (पेशीनं स्वतःचेच भाग पचवण्याच्या) खुणेच्या प्रथिनाची पट्टी गडद झाली, म्हणून मायटोफॅजी, म्हणजे मायटोकाँड्रियाची ऑटोफॅजी, वाढली, असं तू लिहिलंयस. धारवाडच्या सेमिनारला पोस्टर न्यायची घाई आहे, ठाऊक आहे मला. तरी थांब.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर रांग लांबली, तर गाड्या वाढल्या की गेट पडलंय, हे नुसती रांग मोजून सांगता येत नाही. एलसी३-टूचंही तसंच. ऑटोफॅजी वाढली तरी ते वाढतं, लायसोसोममधलं (पेशीच्या पचनपिशवीतलं) पचन अडलं तरीही. म्हणून प्रत्येक नमुना बॅफिलोमायसिन (हे पचन अडवणारं रसायन) देऊन आणि न देता, एकाच जेलवर चालव. शेवट मुद्दाम अडवून प्रवाह पाहायची ही युक्ती जुनीच. योशिनोरी ओसुमींनी पाचक एन्झाइमं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं, तेव्हाच व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे यीस्टच्या पचनपिशवीत, साठलेल्या पिशव्या त्यांना दिसल्या. २०१६ च्या नोबेलची सुरुवात तिथली.

शिवाय एलसी३ सगळ्याच ऑटोफॅजीचं बोलतं. मायटोकाँड्रियापुरतं बघायचं तर एमटी-कायमा (मायटोकाँड्रियात बसवलेलं, ते लायसोसोममध्ये पोचल्याचं दाखवणारं चमकतं प्रथिन) वापर. आणि हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) पार्किन हे एन्झाइम जवळजवळ नसतंच, ते बाहेरून घालावं लागतं, हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिही. परीक्षक पहिलं तेच विचारतात.

आता तुझ्या मसुद्यातलं मला खटकलेलं वाक्य: 'युबिक्विटिन लागलं की मायटोफॅजी सुरू.' (युबिक्विटिन म्हणजे इतर प्रथिनांवर खूण म्हणून चिकटणारं छोटं प्रथिन.) पार्किन मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पटलावर युबिक्विटिन चढवतं, यूएसपी३० ते उतरवतं, इथवर बरोबर. पण एफबीएक्सएल४ हे प्रथिन बघ. तेही मायटोफॅजीला लगामच घालतं, मात्र युबिक्विटिन चढवून! बीएनआयपी३ आणि निक्स या मायटोफॅजी घडवणाऱ्या ग्राही प्रथिनांवर ते खूण करतं आणि प्रोटिअसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) त्यांना संपवतो. एफबीएक्सएल४ बिघडलेल्या मुलांमध्ये मायटोकाँड्रिया गरजेपेक्षा जास्त खाल्ले जातात, त्यांचा डीएनए घटतो, आजार गंभीर होतो. तेव्हा कुठल्या प्रथिनावर खूण आणि ती वाचणारं कोण, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य लंगडं. 'लगाम काढला की पेशीचं भलंच' हा तुझ्या प्रस्तावनेतला सूरही मला पटत नाही. पार्किन्सन्ससाठी यूएसपी३० अडवणारी औषधं शोधली जाताहेत, ते वेगळं.

शनिवारी खानापूरची गाडी धरण्याआधी विभागात ये. पार्किन नसलेल्या पेशींचा कंट्रोल कसा लावायचा ते बसून ठरवू. पोस्टरवरचं शीर्षक तोवर छापायला देऊ नकोस.

तुझा,
सर