पत्राच्या शेवटी लिहिलेली ती एक ओळ

प्रश्न : ताई, माझं वय २९. एका कंपनीत हिशेब विभागात पाच वर्षं काम केलं. वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडली, दोन वर्षं घरी होते. गेल्या वर्षी वडील गेले. त्यानंतर सहा मुलाखती दिल्या, एकाही ठिकाणी निवड झाली नाही. उत्तरं रात्रभर पाठ करते, पण ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की दोन वाक्यांनंतर डोकं रिकामं होतं. आणि गॅपबद्दल विचारलं की घसा दाटतो. मी कामात कच्ची नाही. एकदा एका पुरवठादाराला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले होते, ते मीच शोधून काढलं होतं. पण मुलाखतीत असलं काय सांगणार? माझं कुठे चुकतंय?

– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या दोनदा गेलेल्या पैशांपाशी थांबले. ‘असलं काय सांगणार’ म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवलंत, तेच ऐकायला आम्ही टेबलाच्या पलीकडे बसलेलो असतो. मी २४ वर्षं उमेदवार निवडायचं काम केलं. ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करायला आवडतं’ हे दिवसातून आठ-दहा वेळा कानांवर पडायचं. ते खोटं नसायचं, पण त्यावरून समोरची व्यक्ती कशी काम करते ते कळायचं नाही. समोर उमेदवाराला गुण द्यायचा कागद असायचा आणि त्यावर लिहायला हाताशी काही लागायचं नाही.

हा कागद महत्त्वाचा आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नोकरीसाठी माणसं निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं. सर्वांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेले निकष असलेल्या मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज सैल गप्पांपेक्षा जास्त चांगला बांधता येतो, असं त्यात दिसलं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ते आकडे पुन्हा तपासले. आकडे खाली आले, तरी अशी बांधीव मुलाखत निवडीच्या पद्धतींच्या यादीत सगळ्यात वर राहिली. म्हणून तर ‘चूक सापडली तेव्हा काय केलंत?’, ‘वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?’ असे प्रश्न येतात. त्यांना घडलेला प्रसंगच लागतो.

आता तुमचा प्रसंग घेऊ. ‘मी चूक शोधली’ एवढ्यावर थांबू नका. ती कशी सापडली? पुरवठादाराचं खातं आपल्या लेजरशी, म्हणजे खातेवहीशी, ताडून पाहताना? बिल दोनदा नोंदलं कसं गेलं? माझ्या पाहण्यात असं एक प्रकरण होतं. एका नोंदीत बिल क्रमांकात मधे आडवी रेघ होती, दुसरीत नव्हती. सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी बिलं वाटली. तुमच्याकडे काय झालं होतं ते आठवा. मग तुम्ही कोणाला सांगितलंत, पैसे परत आले की पुढच्या बिलातून वळते झाले, पुन्हा तसं होऊ नये म्हणून काही बदललंत का? परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय झालं, या क्रमाने दीड-दोन मिनिटांत सांगा.

आणि ‘मी’ म्हणा. ‘आम्ही शोधलं’, ‘डिपार्टमेंटने केलं’ असं म्हणायची आपल्याला सवय असते, त्यात विनय असतो. पण पॅनेलला विभाग नेमायचा नसतो, तुम्हाला नेमायचं असतं. इतरांची मदत झाली असेल तर ती एका वाक्यात जरूर सांगा.

असे चार प्रसंग पुरतात. एक चूक सापडल्याचा, एक मतभेदाचा, एक नवं शिकल्याचा, एक घाईच्या दिवसातला. त्यातली वाक्यं पाठ करू नका, फक्त क्रम लक्षात ठेवा. पाठ केलेलं वाक्य मधेच तुटलं की पुढचं सापडत नाही, तुमचं तेच होतंय. कागद मिटा आणि मोठ्याने सांगा, रोज, वेगवेगळ्या शब्दांत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. रात्रभर वाचून सकाळी मुलाखतीला जाणं म्हणूनच दगा देतं.

‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर मग सोपं होतं: आधी काय काम करत होतात, त्यातलं काय चांगलं जमतं, ही जागा का हवी आहे. जन्म, शाळा, छंद नकोत.

गॅपबद्दल खरं तेच बोला, थोडक्यात. ‘वडिलांच्या आजारपणात त्यांची काळजी घ्यायला मी नोकरी सोडली. ते गेल्या वर्षी गेले. आता मी पूर्ण वेळ कामाला तयार आहे.’ एवढं पुरे. ही तीन वाक्यं घरात इतक्या वेळा म्हणा की ती तोंडात बसतील. तरीही घसा दाटला तर थांबा, घोटभर पाणी प्या, पुढे बोला. माझ्यासमोर एका उमेदवाराचे डोळे असेच भरून आले होते. आम्ही थांबलो, तिने सावरून पुढचं उत्तर दिलं आणि त्या जागेवर तिचीच निवड झाली. आजारी माणसाची सेवा केलीत, त्यात माफी मागण्यासारखं काही नाही. फक्त या दोन वर्षांत तुमच्या कामातले नियम आणि सॉफ्टवेअर किती बदललं ते आधी पाहून ठेवा, कारण त्यांची खरी शंका तिथे असते.

सहाही नकार तुमच्या उत्तरांमुळे आले असं धरू नका. एका जागेसाठी तीन चांगले उमेदवार आले की दोघांना ‘नाही’ म्हणताना मलाही जड जायचं.

एक गोष्ट तेवढी आजच वहीत उतरवून ठेवा. त्या बिलाची रक्कम साधारण किती होती आणि ती परत यायला किती दिवस लागले, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मी पॅनेलवर असते तर पुढचा प्रश्न तोच विचारला असता.