नेमबाजी सोडवू नका, पण रेंजवरची ती नोकरी नको

कोल्हापूर जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. तीन वर्षं १० मीटर एअर रायफल खेळतेय, गेल्या वर्षापासून ५० मीटरची पॉइंट टू-टूही (.२२ बोअरची, काडतुसाची रायफल) सुरू केली. राहते शहरात, आत्याकडे. रेंजचालकांनी तिला संध्याकाळचं काम देऊ केलंय: नवीन मुलांना जॅकेट आणि स्लिंग (रायफल स्थिर धरायचा हातपट्टा) बांधून द्यायचं, सराव संपला की झाडलोट करायची, टार्गेटमागचं शिसं आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या. बदल्यात फी माफ आणि थोडे पैसे. पुढे तिला कोच व्हायचंय किंवा नेमबाजीच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकायचंय. टेक्सासमधले मामा गॅरेजमध्ये स्वतः काडतुसं भरतात; "आलीस की तुलाही शिकवतो" म्हणतात. आत्या म्हणते शिसं विषारी, हे सगळं बंद करा. कोच म्हणतात, आम्ही इतकी वर्षं करतोय, आम्हाला काय झालं? वडिलांचा प्रश्न: "कुणाचं ऐकू?"

उत्तर आधी देते. सराव चालू ठेवा. ती नोकरी नको. मामांच्या गॅरेजलाही तूर्त नकोच. कोच व्हायचं असेल तर खुशाल होऊ दे, फक्त पगार विचारताना रेंजच्या हवेचीही चौकशी करायची सवय आत्तापासून लागू दे.

ज्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत दिली (२०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारातली विश्वविजेती), राही सरनोबत दिली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे दिला, तिथे मुलीला रायफल खाली ठेव म्हणायची माझी छाती नाही. तशी गरजही नाही. शिशाचा धोका खरा आहे, पण तो नेमका कुठून येतो हे कळलं की बराचसा आटोक्यात राहतो.

एअर रायफलच्या छर्ऱ्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तो हवेच्या दाबाने सुटतो, काही जळत नाही, त्यामुळे शिसं मुख्यतः बोटांना लागतं आणि छर्रे जिथे आदळतात तिथल्या भुकटीत साठतं. पॉइंट टू-टूचं प्रकरण वेगळं. गोळी साधारण अडीच ग्रॅमची, उघड्या शिशाची. काडतुसाच्या बुडाशी जो पेटता मसाला असतो त्यात बहुतेक वेळा लेड स्टिफनेट नावाचं शिशाचंच संयुग असतं. घोडा ओढला की ते जळून त्याची वाफ होते, गोळीचं बूड तापून थोडं शिसं उडतं, नळीत घासून आणखी थोडं. ही वाफ थंड होता होता इतके बारीक कण होतात की श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात उतरतात. आणि प्रोनमध्ये तुमची मुलगी पोटावर झोपलेली, गाल स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) टेकलेला, बोल्ट (काडतूस आत-बाहेर करायची खिटी) नाकापासून वीतभर अंतरावर. प्रत्येक पुंगळी बाहेर पडताना धुराची एक बारीक रेघ तिच्याच तोंडाशी येते. खालची चटई तर वर्षानुवर्षांची धूळ धरून बसलेली असते आणि जॅकेटचे कोपरे रोज त्याच चटईवर घासतात.

तुम्ही लिहिलंय की सराव संपला की तिची बोटं काळपट होतात आणि ती तशाच हाताने डब्यातला चिवडा खाते. सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे वाक्य.

आता कोचसाहेबांचं "आम्हाला काय झालं?" त्यांनी रक्त तपासलंय का, एवढंच विचारा. शिसं अंगात वाढतं तेव्हा सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही. पुढे दिसतात ते थकवा, चिडचिड, पोट धरणं, बद्धकोष्ठ, रक्तदाब थोडा वर. यातलं काहीही वयावर आणि उन्हावर ढकलता येतं. २०१७ मध्ये रेंजवरच्या शिशाबद्दलच्या जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक अभ्यासांत काही नेमबाजांच्या रक्तातलं शिसं १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर निघालं होतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ला पोचलात की स्रोत शोधा म्हणते. अमेरिकेत लहान मुलांसाठी ही रेघ २०२१ पासून ३.५ वर आणलीय. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात कामगाराच्या हवेत दर घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅमपर्यंत शिसं चालवून घेतलं होतं, तर अमेरिकेने १९७८ मध्येच ती मर्यादा ०.०५ केली. म्हणजे "कायद्यात बसतं" हे उत्तर आलं तरी समाधान मानू नका. शिवाय रेंज म्हणजे काही कारखाना नाही, तिथली हवा मोजायला आपणहून कुणी येत नाही.

मुलीच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे आणि ती घरात मोकळेपणाने बोलायला हवी. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण ते सगळं बाहेर जात नाही. बराच भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे वर्षानुवर्षं राहतो. पुढे गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाडांतलं कॅल्शियम निघतं, त्याबरोबर हे शिसंही निघतं आणि बाळापर्यंत पोचतं. १७ व्या वर्षी साठवलेलं २८ व्या वर्षी बाहेर येऊ शकतं. शिवाय अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या मुलींचं हिमोग्लोबिन किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उपाशीपोटी तर आणखी जास्त. तेव्हा पहाटेच्या सरावाला नुसता चहा घेऊन पाठवू नका. काहीतरी खाऊन जाऊ दे, आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या.

म्हणूनच त्या नोकरीला माझा विरोध आहे. खेळाडू म्हणून ती दिवसाला साठ-सत्तर गोळ्या मारेल आणि बाहेर पडेल. सहायक म्हणून ती दुसऱ्यांच्या धुरातही तासन् तास उभी राहील आणि शेवटी नेमकं सगळ्यात घाण काम तिच्या वाट्याला येईल. कोरड्या झाडूने रेंज झाडणं म्हणजे दिवसभर खाली बसलेलं शिसं पुन्हा नाकाच्या उंचीला आणणं. हे काम झाडूने करायचंच नसतं. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणारा) व्हॅक्यूम किंवा ओलं पुसणं, हातमोजे, योग्य मास्क, वेगळे कपडे हवेत, आणि तेही मोठ्या, शिकवून तयार केलेल्या माणसाने करायचं. टार्गेटमागचं शिसं भंगारात चांगल्या भावाने जातं, त्यामुळे ते गोळा करायची घाई सगळ्यांनाच असते. ती घाई १७ वर्षांच्या मुलीच्या हातून नको. फी परवडत नसेल तर रेंजला स्कोअर-नोंदी, स्पर्धेचे अर्ज, नवीन मुलांचा एअर रायफलचा हॉल असं काम मागा. बऱ्याच रेंजना त्याचीच जास्त गरज असते.

शेडबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत: तीन बाजूंना पत्रे आणि उकडतं म्हणून मागे मोठा पंखा. पंखा मागून पुढे वारा देतोय म्हणजे बरंच झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा झोत माणसांवर आपटून भोवरा करतो आणि धूर परत तोंडावर येतो. चांगल्या बंद रेंजमध्ये नेमबाजाच्या मागून संथ, एकसारखी हवा टार्गेटकडे जाते आणि पलीकडून बाहेर ओढली जाते. कामाच्या जागेच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या, अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने फायरिंग लाइनवर त्यासाठी मिनिटाला ७५ फूट वेग सुचवलाय, निदान ५० तरी हवा. मोजायचं यंत्र नसलं तरी काठीला टिश्यू पेपरची पट्टी लावून तिच्या डोक्याच्या उंचीवर धरून बघा. पट्टी टार्गेटकडे सरळ झुकली तर ठीक. मागे-पुढे फडफडली तर रेंजचालकांशी बसून बोला. उदबत्ती लावून बघू नका, फायरिंग लाइनवर न जळलेली बंदुकीची दारू सांडलेली असते. सुदैवाने शेडची चौथी बाजू उघडी आहे, त्यामुळे पंखा बंद करून आणि एक-दोन पत्रे काढूनच पुष्कळ फरक पडेल.

बाकीचं घरचं. रेंजवर खाणं-पिणं बंद, पाण्याची बाटली बॅगेतच. बाहेर पडल्यावर आधी साबणाने हात, मग तोंड, मग चिवडा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं तिथेच राहतं. ते घासून धुवावंच लागतं. रेंजचे बूट दाराबाहेर. ट्रॅकपँट-टीशर्ट घरी पोचताच बदलायचा आणि वेगळा धुवायचा, आत्याच्या नातवंडांच्या कपड्यांत नाही. जॅकेट धुता येत नाही, ते गॅलरीत टांगा, पलंगावर टाकू नका. दोन-तीन वर्षांची मुलं खाल्लेल्यातलं शिसं मोठ्यांच्या कितीतरी पट शोषतात. आत्याची काळजी त्या अर्थाने अगदी रास्त आहे, फक्त ती नातवंडांसाठी जास्त करायला हवी.

आता टेक्सासचे मामा. रिलोडिंग हा तिकडचा जुना आणि कायदेशीर छंद. मारलेल्या पुंगळ्या साफ करायच्या, जुना प्रायमर (बुडाचा तो पेटता मसाला) काढून नवा बसवायचा, दारू मोजून भरायची, गोळी दाबायची. स्वस्त पडतं आणि हवी तशी अचूकता मिळते. पण पुंगळीच्या आत जळलेल्या प्रायमरची राख असते. ती मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवून साफ करतात आणि मग तो भुसा चाळतात, तेव्हा गॅरेजभर जी धूळ उठते तिच्यात शिसं असतं. बरेच जण गोळ्याही घरीच ओततात. शिसं ३२७ अंशाला वितळतं, तेवढ्याने फारशी वाफ होत नाही, पण भांडं गरजेपेक्षा तापवलं किंवा वरची मळी काढून कोरडीच टाकली की घोटाळा होतो. मामांना सांगा: पुंगळ्या पाण्यात घोळवा आणि ते पाणी स्वयंपाकघरच्या सिंकमध्ये ओतू नका, भुसा चाळायचाच तर बाहेर अंगणात, गॅरेजात गालिचा नको, घरचा साधा व्हॅक्यूम तिथे फिरवू नका, ओतकाम उघड्यावर करा आणि शिशाविना प्रायमर मिळत असतील तर ते वापरून बघा. ते मनावर घेतील. हे लोक नेमके आणि शिस्तीचे असतात, फक्त शिसं दिसत नाही म्हणून विसरतात.

मुलीसाठी मात्र त्यात दुसरा अडथळा आहे, आणि तो आरोग्याहून तातडीचा. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना किंवा खेळासाठी दिलेला प्रवेश असे अपवाद आहेत, पण आपण त्यात बसतो की नाही हे कॉलेजच्या कोचकडून आणि वकिलाकडून लेखी कळल्याशिवाय मामांच्या गॅरेजात हात घालायचा नाही. एका चुकीने व्हिसा जाईल. इथे परत आल्यावर घरी काडतुसं भरायचा विचारही नको: १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतूस तयार करायला परवाना लागतो.

अमेरिकेत शिकायचं स्वप्न उगाच नाही. कॉलेज स्पर्धांमध्ये रायफल हा अधिकृत खेळ आहे, मुलगे-मुली एकत्र खेळतात, आणि वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, अलास्का फेअरबँक्स, टेक्सास ख्रिश्चन ही नावं त्यात आघाडीवर. पण तिथली पॉइंट टू-टू ५० फुटांवर, बहुधा बंद हॉलमध्ये होते. तेव्हा मेल लिहिताना स्कॉलरशिपच्या ओळीखाली हेही विचारायला सांगा: हवा कधी तपासली होती, आकडा काय आला, खेळाडूंचं रक्त तपासता का? मघाशी सांगितलेली ०.०५ ची मर्यादा नोकरदारांसाठी आहे, विद्यार्थ्याला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून विचारायचं. चांगल्या कोचला या प्रश्नाचा राग येत नाही.

कोचिंगबद्दल थोडं सरळ बोलते. कोच फायरिंग लाइनच्या मागे खेळाडूपेक्षा कितीतरी जास्त तास उभा असतो, म्हणून हा त्याच्यासाठी नोकरीतला धोका ठरतो. पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा, खेळाडू कोट्यातून रेल्वे-पोलीस, या वाटा आहेतच. कुसाळेही रेल्वेत तिकीट तपासनीस होता. माझं मत विचाराल तर आधी स्वतःची कामगिरी आणि पदवी, मग कोचिंग, आणि तेही एअर रायफलपासून सुरू.

पत्रात ओघात लिहिलंत की तिला केमिस्ट्री फार आवडते. त्या ओळीकडे लक्ष द्या. कामाच्या जागेची हवा, धूळ, विषारी धातू मोजणं आणि आटोक्यात आणणं हा स्वतंत्र पेशा आहे. बीएस्सी केमिस्ट्री किंवा केमिकल इंजिनिअरिंग, मग अनुभव घेऊन औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा. मुंबईत सायनला केंद्रीय कामगार संस्था आहे, अहमदाबादला व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. शिरोलीच्या फाउंड्र्यांपासून बॅटरीच्या कारखान्यांपर्यंत अशी माणसं लागतात. फायरिंग लाइनवर स्वतः झोपलेली मुलगी उद्या रेंजची हवा तपासायला उभी राहिली, तर तिच्याइतकं बारकाईने कुण्या इंजिनिअरला दिसायचं नाही. बारावीनंतर अर्ज भरताना एवढा पर्याय यादीत ठेवा.

या महिन्यात एकच काम करा. रक्तातल्या शिशाची तपासणी, शिरेतून काढलेल्या रक्ताची. बोटाच्या टोकावरचा थेंब नको, तिच्या बोटांवर आधीच शिसं असतं. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका. आकडा ५ किंवा त्याच्या वर आला तर डॉक्टरांना दाखवा, सराव काही आठवडे एअर रायफलपुरता ठेवा आणि घरातली हळद, कुंकू, जुनी कल्हईची भांडी हेही तपासा, कारण सगळं शिसं रेंजवरूनच येतं असं नाही. शिसं उतरवणारी औषधं किंवा भस्मं कुणी सुचवली तर मनाने देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि मला अहवाल पाठवाल तेव्हा आकड्यापुढचं एकक नीट वाचून लिहा: काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तसं असेल तर दहाने भागायचं. नाहीतर ४० बघून घरात रडारड व्हायची, आणि असतील ते चार.