मोठं मूल घरी येतं तेव्हा

परदेशातल्या अनाथालयातून सहा-सात वर्षांपुढचं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या पालकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या पाच पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. सगळे म्हणतात, एवढं मोठं मूल आपलं होत नाही. जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याची भीती वाटते. 1989 नंतर रोमानियातल्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यासकांनी तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत राहिलेल्यांपैकी अनेकांना माणसांशी जुळवून घेणं आणि एका जागी लक्ष देणं मोठेपणीही जड गेलं. पण लहानपणी मागे पडलेली त्यांची बौद्धिक वाढ तरुण होईपर्यंत इतरांच्या बरोबरीला आली. ती मुलं चार वर्षांच्या आत घरी आली होती. तुमची लेक आठची आहे, तेव्हा धीर अधिक लागेल.

आता ‘आपलं होण्या’बद्दल. तिला ‘आई म्हण’ असा आग्रह करू नका. मोठी माणसं निघून जातात, हेच तिने आजवर पाहिलं आहे. ‘सहाला येते’ म्हणालात तर सहाला दारात उभ्या राहा, रोज. सुरुवातीचे शहाण्यासारखे वागण्याचे दिवस सरले की ती आदळआपट करू लागेल आणि ‘तू माझी आई नाहीस’ असंही म्हणेल. बरेच पालक तिथे खचतात. मला मात्र अशा वेळी बहुतेकदा हायसं वाटतं. इथून आपल्याला परत पाठवणार नाहीत अशी थोडी खात्री वाटल्याशिवाय असं मूल रागावण्याची हिंमत करत नाही.

प्रश्न : फाइलमध्ये ‘पालक अज्ञात’ एवढंच लिहिलंय. मध्यस्थ म्हणतात, खोलात शिरलात तर उशीर होईल.

उत्तर : होऊ द्या उशीर. अनाथालयातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे, आजारपणामुळे मूल तिथे ठेवलेलं असतं. परदेशी दत्तकासाठीच्या 29 मे 1993 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारानुसार मुलाला आधी त्याच्याच देशात कुटुंब मिळतंय का हे पाहावं लागतं. जन्मदात्यांची संमती पैसे देऊन मिळवलेली चालत नाही आणि वय, समज पाहून मुलाचं मतही विचारात घ्यावं लागतं. बनावट कागदपत्रं आणि मुलं पळवल्याचे प्रकार उघड झाल्यावर ग्वातेमालाने 2008 मध्ये परदेशी दत्तक थांबवलं, हे विसरू नका.

शिवाय मोठं मूल स्वतः बोलू शकतं. आपलं घर कसं होतं, कोण भेटायला यायचं, हे त्याला आठवतं. दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांना, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणांना, लेखी विचारा : मुलाशी त्याच्या भाषेत कोण बोललं, काय विचारलं, ते काय म्हणालं? उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका. हे तुम्हाला किती जड जाईल ते मला कळतं. तरीही माझं उत्तर तेच राहील.

प्रश्न : मुलगा खाणं लपवतो. गादीखाली पाव सापडतो, ओरडलं की खोटं बोलतो.

उत्तर : ओरडणं आजपासून बंद. ही चोरी नाही, उद्याची तजवीज आहे. एका घरात मी पाहिलेला उपाय सांगते. आईने मुलीच्या खोलीत झाकणाचा डबा ठेवला आणि रोज झोपण्यापूर्वी दोघींनी मिळून तो भरायचा, असं ठरवलं. पहिले काही आठवडे सकाळी डबा रिकामा असायचा आणि गादीखालीही काहीतरी असायचंच. मग गादीखालचं थांबलं. पाचेक महिन्यांनी डब्यातली बिस्किटं मऊ पडू लागली. एके दिवशी मुलगीच म्हणाली, ‘यात रंग ठेवू का?’

प्रश्न : शाळेत लगेच घालावं का? आणि तिची भाषा सुटू नये म्हणून काय करू?

उत्तर : शक्य असेल तर काही आठवडे, जमल्यास महिने, घरीच राहू द्या. त्या वेळात डोळे, कान, दात, रक्त आणि लसींची तपासणी करून घ्या. खेळण्यापुरती नवी भाषा मुलं भराभर उचलतात. पाठ्यपुस्तकाच्या भाषेला वर्षं लागतात, तेव्हा ती ‘आळशी’ ठरत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. जुनी भाषा मात्र झपाट्याने जाते. कोरियात जन्मलेली, तीन ते आठ वर्षांची असताना फ्रान्समध्ये दत्तक गेलेली काही माणसं मोठेपणी तपासली, तर त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतून वेगळी ओळखता आली नाहीत. ती भाषा बोलणारं कुणीतरी आठवड्यातून एकदा तरी घरी येऊ द्या. आणि तिला न्यायला जाण्याआधी तुम्ही चार वाक्यं पाठ करा : भूक लागली का, कुठे दुखतंय, भीती वाटते का, मी इथेच आहे.

प्रश्न : तिचा धाकटा भाऊ त्याच संस्थेत आहे. आमची तयारी एकाचीच आहे.

उत्तर : मग आत्ता थांबा. दोघांना घेता येतं का, हे मनापासून तपासा. नसेल, तर दोघांना एकत्र नेणाऱ्या कुटुंबासाठी वाट मोकळी करा. अनाथालयात त्याला भरवायला, झोपवायला बहुधा तीच असते. तिला एकटीला आणलंत, तर पहिल्या रात्री ती जो प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.